दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
ओदिलचं भरायचं. बावीस वर्षं,
लिएजमध्ये, नदीच्या उजव्या काठाला,
टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
मालक, ती आणि मी लोकांचे दात करायचो.
मेणाची दाढ, तापल्या सुरीने तिच्यावर खाचा,
मग पोर्सिलेनचे थर, मग भट्टी.
पांढऱ्यात किती रंग असतात
ते ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

साडेचारला हात धुवायची,
नखांतली भुकटी काडीने काढायची
आणि घरी जाऊन तीच बोटं शाईत.

मला हे कळलं सहाव्या वर्षी.
दुपारच्या सुट्टीत पावाच्या कागदावर
तिनं मालकांचं नाक काढलं. नुसतं नाक.
मालक हसले, मग गप्प झाले,
मग कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली.

तिची चित्रमालिका एका पाणबुड्याची.
बास्तँ त्याचं नाव. म्यूजच्या तळातून तो
लोकांचं हरवलेलं वर आणायचा:
सायकली, तिजोऱ्या, एकदा एक पियानो,
आत मासा आणि मासा जिवंत.
अठ्ठेचाळीस पानांचं एक पुस्तक.
आठवड्याला एक पान. ताप आला की तेही नाही.
पहिलं अकराशे खपलं.
चौथं सहाशे चाळीस.
सहाव्याला प्रकाशकाने पैशांच्या जागी
पुस्तकंच पाठवली, नऊ खोकी,
ती आमच्या भट्टीमागे राहिली,
तिथे कोरडं असायचं म्हणून.
टायरवाला जिन्यात विचारायचा, कसा आहे बुडालेला?
हसतील त्यांचे दात दिसतील, ती म्हणायची,
आणि खरंच बघायची त्याचे दात.

एकदा मी विचारलं.
मला चित्रातलं काही कळत नाही, आधीच सांगतो.
विचारलं, तुझी माणसं हसतात तेव्हा
तोंडात दात का नसतात त्यांच्या?
नुसती पांढरी पट्टी.
तू, बत्तीसच्या बत्तीस तोंडपाठ असलेली!
म्हणाली, दोन दातांत रेघ मारली
की माणूस म्हातारा दिसतो. नाहीतर घोडा.
न मारायची रेघ शिकायला
तीन पुस्तकं गेली माझी.
मग ब्रश पुसता पुसता:
दिवसभर मोजतेच ना.
रात्री तरी कुणी न मोजलेलं हसू दे.

मग यंत्र आलं.
पडद्यावर दाढ फिरवायची, बटण दाबायचं,
शेजारच्या खोलीत ते दळून काढायचं.
दोघांपैकी एकाचंच काम उरलं.
मालक खिडकीतून टायरकडे बघत बोलले.
मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली,
हा राहू दे. याला दोन मुली आहेत.
माझा एक बास्तँ, तो जेवत नाही.

मी नको म्हणालो नाही.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ती एका शाळेच्या खानावळीत लागली, सूप वाढायला.
कळलं ते टायरवाल्याकडून.
खोकी न्यायला मुलगा पाठवला होता तिनं,
शाळेतलाच असावा, सगळी नऊ
एकट्याने उतरवली.

परवा टपालाने आठवं पुस्तक आलं.
चिठ्ठी नाही.
पान एकतीस. बास्तँ पाण्यातून वर येतो,
हातात कुणाची तरी कवळी.
काठावर गर्दी जमलेली,
सगळ्यांच्या तोंडात पांढऱ्या पट्ट्या.
मागे, दिव्याच्या खांबाशी, एक जण
तळलेल्या बटाट्यांचा कागद धरून हसतोय
आणि त्याला दात आहेत.
एकेक, सुटा. डावा सुळा
शेजाऱ्यावर चढलेला,
ज्याला मी बाकावर रोज म्हणायचो
तुझं एकदा करूनच टाकू.

भिंग आणलं. रेघा केसाहून बारीक,
एकही थरथरलेली नाही.
मग न्हाणीघरात गेलो, दिवा लावला,
आरशात ओठ वर केला.

खरं होतं तिचं.
म्हातारा दिसतो.